हात सुटल्यावरचं गाणं

पाऊस आडवा येत होता. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या या रॉसबान गावात पाऊस वरून पडतच नाही. समुद्राकडून येतो आणि माणसाच्या कानात शिरतो. डर्व्हला मॅनियन नावाची तरुणी पबच्या दारात थांबली ती नुसती कोट झटकायला. आत जायचा तिचा विचार नव्हता. आत कुणीतरी गात होतं, आणि गेले कित्येक महिने जिथे गाणं असेल तिथून ती चार हात लांबच राहत होती.

"दार तरी लावा हो! सगळी ऊब चालली बाहेर!" आतून कुणीतरी ओरडलं.

आता दार लावायचं तर कुठल्या बाजूनं? बाहेरून लावावं तर पाऊस, आतून लावावं तर गाणं... पावसानं एक जोराची थप्पड मारली आणि ती आत आली.

रविवारची दुपार होती. पंधरा-वीस माणसं शेकोटीभोवती कोंडाळं करून बसली होती. मधे एक तरुण उभा होता, विटकरी केसांचा, डोळे मिटलेला. बाजारात बोकड विकून परत निघालेल्या एका माणसाचं गाणं तो गात होता, आणि हा माणूस घरी पोचतो तर बोकड आधीच दारात हजर! तरुणाचा आवाज बेताचाच होता. सूर दोन वेळा घसरला, आणि दोन्ही वेळा तो गाता गाताच स्वतःला हसला. चुकायची त्याला जराही भीती नव्हती. डर्व्हला त्याच्याकडे बघतच राहिली... आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत तिला हसू फुटलं.

त्याच क्षणी त्यानं डोळे उघडले. नजर सरळ तिच्यावर. त्यानं शेवटची ओळ तिच्याकडे बघतच म्हटली.

टाळ्या पडल्या. ग्लास वर झाले. तिकडची एक जुनी रीत आहे — गाणं झालं की पुढे कोणी गायचं ते सांगायचा मान गाणाऱ्याचा. त्यानं ज्याचं नाव घेतलं त्यानं नाही म्हणायचं नाही. गाणं येत नसेल तर गोष्ट सांगा, कविता म्हणा, पण उठून जायचं नाही. तो गाणाऱ्याचा अपमान, आणि घराचाही.

"माझा मान," तो तरुण म्हणाला, आणि त्याचे डोळे नाचले, "दारातल्या त्या भिजलेल्या कोटाला. नाव काय ते ठाऊक नाही, पण हसू बेष्ट आहे. आता आवाज ऐकू या!"

पब एकदम गप्प झाला. कारण त्याच्याखेरीज सगळ्यांनी तिला ओळखलं होतं. ओळखून न ओळखल्यासारखं दाखवायचं, ही तिकडची माणुसकी. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याची बाही ओढली. "अरे फेस्टी... अरे मूर्खा, ती—"

सगळे चेहरे डर्व्हलाकडे वळलेले, सगळ्यांचे ओठ किंचित उघडे... तेच. अगदी तेच. तिनं तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं.

ती वळली आणि बाहेर पडली. पावसात तिच्या पाठीमागून एक आवाज आला, बाईचा: "डोक्यात हवा गेलीय. दुसरं काय!"

खरं सांगायचं तर डोक्यात हवा जायला तिला कारण होतं. ती गॉलवेच्या एका बस ड्रायव्हरची मुलगी. शाळा सुटली की गिटार घेऊन बाजाररस्त्यावर उभी राहायची. बापाच्या रात्रीच्या शेवटच्या बसवर तिनं एक गाणं रचलं होतं — बसमध्ये एकच उतारू, आणि ड्रायव्हरला ठाऊक की हा कुठेच उतरणार नाही, नुसता घरी जायचं टाळतोय. ते गाणं रेडिओवर गेलं आणि तिकडून जे सुटलं ते डब्लिन, लंडन करत सगळ्या दुकानांतून, सगळ्या मोटारींतून वाजायला लागलं. दोन रेकॉर्ड निघाल्या. पोस्टर लागली. बापानं आपल्या बसच्या काचेवर तिचा फोटो चिकटवला म्हणून त्याला वरिष्ठांचा ओरडा बसला, तरी त्यानं तो काढला नाही.

आणि मग गेल्या शरदात, कॉर्कला, भरल्या सभागृहात, त्याच बसच्या गाण्याच्या मधोमध तिचा आवाज थांबला. शब्द आठवत होते, सूर आठवत होता, पण श्वास घशाच्या खाली उतरेना. लोकांना वाटलं, ती भारावली आहे. त्यांनीच उरलेलं गाणं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं — काय तो सुंदर क्षण! फक्त तिला ठाऊक होतं काय झालं ते, आणि तिचं सगळं काम बघणाऱ्या ओर्लाला.

ओर्लानं 'घसा बसलाय' असं सांगून सगळे कार्यक्रम रद्द केले. पण ईस्टरनंतरचा डब्लिनचा कार्यक्रम रद्द होण्यासारखा नव्हता. "तो झाला नाही ना, डर्व्ह," ओर्ला म्हणाली होती, "तर तिसरी रेकॉर्ड विसर. नंतर कुणी फोनही उचलणार नाही."

म्हणून ती रॉसबानला आली होती, पेग ओ'मॅली नावाच्या म्हातारीच्या घरातली मागची खोली भाड्यानं घेऊन. गाणी लिहायला, असं सगळ्यांना सांगून. गाणं सोडून तिला आयुष्यात दुसरं काही येत नव्हतं. आणि आता गाणंही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर पेगचा उघडा पाय स्टुलावर, आणि पायाशी जमिनीवर बसून पट्टी सोडवतोय — तो. विटकरी केस, तोच.

दोघंही एकदम म्हणाली, "तुम्ही?"

"हे आमच्या गावचे नर्सबाई," पेग म्हणाली. "घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा धुतात. आणि ही माझी भाडेकरू. काल ज्या पोरीला तू भर पबमध्ये फासावर चढवलंस ती हीच. सांगितलं मला सगळ्यांनी. घोड्या, तुझ्या मोटारीत रेडिओ नाही?"

"मोडलाय," फेस्टी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "मला खरंच... मी ओळखलं नाही. माफ करा. ओळखलं असतं तर नावच घेतलं नसतं."

"का? मी वाईट गाते असं ऐकलंय का?"

"नाही नाही! म्हणजे... तुमच्या पुढे मी बोकडाचं गाणं म्हटलं हो!"

"बोकड छान होता," ती म्हणाली. "त्याचा मालक थोडा बेसूर होता."

पेग इतकी हसली की पाय हलला आणि फेस्टीला पट्टी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली.

चहा झाला. सोडा ब्रेडवर लोणी लावता लावता पेगनं सरळच विचारलं, "मग काल गायली का नाहीस? आजारी आहेस?"

डर्व्हला म्हणणार होती, घसा बसलाय. तेच म्हणायची सवय झाली होती. पण फेस्टी तिच्याकडे बघत होता, रोग्याकडे बघतात तसा नाही, आणि पोस्टरकडे बघतात तसाही नाही... तिच्या तोंडून खरं निघून गेलं. कॉर्क. श्वास. चेहरे. डब्लिन. बोलता बोलताच तिचे हात गार पडले.

"इकडे आणा," फेस्टीनं तिचं मनगट हातात घेतलं आणि दोन बोटं नाडीवर ठेवली. "धावतेय," तो म्हणाला.

"आधीपासून धावतेय का... तुम्ही धरल्यावर?"

"ते बोटांना कळत नाही," तो म्हणाला, पण त्यानं हात सोडला नाही.

पेगनं कप आपटला. "धरलाच आहेस तर फिरव की मेल्या! की तुझ्या आईनं तेवढंही शिकवलं नाही?"

तीही तिकडची जुनी रीत. गाणाऱ्याला गाणं जड जात असलं की शेजारचा उठतो, त्याचा हात हातात घेतो आणि हळूहळू फिरवायला लागतो, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. लय तुटत नाही, आणि गाणाऱ्याला कळतं की आपण एकटे नाही. शहरात वाढलेल्या डर्व्हलानं हे नुसतं ऐकलं होतं.

फेस्टीचा हात फिरायला लागला. उबदार, जरा खरबरीत, सारखा साबणानं धुतलेला हात. तिनं डोळे मिटले. आधी नुसताच श्वास आला. मग एक हुंकार. मग फार खालच्या आवाजात बसच्या गाण्याचं पहिलं कडवं... दुसरं... आणि तिच्या लक्षात आलं की ती गातेय.

गाणं संपलं तेव्हा चहा गार झाला होता.

"तुला डब्लिनला कशाला जायचंय?" पेग डोळे पुसत म्हणाली. "इथेच राहा. नर्सबाईंचा हात फुकट आहे."

तेव्हापासून फेस्टी रोज यायला लागला. पेगच्या पायाला एक दिवसाआड पट्टी पुरे होती, पण तो रोज जखम बघायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "अजून काळजी घ्यायला हवी."

"जखम भरत आली तसा हा घाबरायला लागलाय," पेग डर्व्हलाला ऐकू जाईल असं म्हणायची. "मी खडखडीत बरी झाले तर याला घरात यायला निमित्त उरायचं नाही."

पट्टी झाली की दोघं समुद्राकडे जायची. वाटेत काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी नुसती पेटलेली असायची, आणि भिजली की त्यांना खोबऱ्यासारखा वास सुटायचा. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते दोघांनाही कळलं नाही. एकदा वाऱ्यानं तिची टोपी उडाली आणि तो गुडघाभर पाण्यात धावला. टोपी आणली ती निथळती, आणि तशीच तिच्या डोक्यावर ठेवली.

"अरे, पाणी! मानेवरून—"

"लंडनला अशी टोपी घालतात म्हणे."

"लंडनला असे नर्स नसतात."

"मग काय असतं?"

तिच्या नाकावरून पाण्याचा थेंब ओघळला, आणि त्यानं तो बोटानं टिपला. मग दोघंही एकदम समुद्राकडे बघायला लागली, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय.

तो हात धरायचा आणि ती गायची. वाळूवर, पेगच्या शेकोटीपाशी, त्याच्या मोटारीत. आवाज परत आला होता. पूर्वीपेक्षाही भरलेला. मग तिनं सुखात असायला हवं होतं ना?

पण ती सुखात नव्हती. कारण खोलीत एकटी असताना ती गाऊन बघायची. दार लावून, आरशाकडे पाठ करून, अगदी हळू... आणि घसा तिथेच मिटायचा. परत, परत. हात असला की गाणं, हात नसला की काही नाही. आणि त्या भीतीतून एक दुसरीच भीती उगवली होती, पहिलीपेक्षा वाईट. हा मला आवडतो... की माझा आवाज याच्या मुठीत आहे म्हणून आवडतो? बुडणाऱ्याला फळी आवडते. किनाऱ्याला लागल्यावर ती फळी कुणी उशाशी घेऊन झोपतं का?

ती त्याच्याकडे बघायची आणि हे शोधायची, आणि सापडायचं नाही. त्याच्या डोळ्यांतही कधीकधी तोच प्रश्न दिसायचा. मग तो काहीतरी वेडंवाकडं बोलून हसवायचा.

ईस्टर जवळ आला तसा ओर्लाचा फोन रोजचा झाला. डर्व्हलानं शेवटी तिला सगळं सांगितलं. पलीकडून ओर्लाचा आनंदानं फुटलेला आवाज आला. "मग प्रश्नच मिटला! घे त्याला बरोबर. डब्लिन, मग ग्लासगो, हॅम्बुर्ग, सगळीकडे. आपण त्याला कामावर ठेवू. नावाला काहीतरी हुद्दा देऊ. मोठमोठे गवई काय काय घेऊन फिरतात, तू एक नर्स घेऊन फिर!"

डर्व्हलाला तेव्हा ते सोपं वाटलं. दुपारी वाळूवर चालताना तिनं फेस्टीला विचारलं, जरा घाईघाईनंच. "तू माझ्याबरोबर चल. डब्लिनला. नंतरच्या दौऱ्यावरही. ओर्ला सगळी व्यवस्था करेल."

तो थांबला. "कोण म्हणून?"

"म्हणजे?"

"तिकडे लोक विचारतील, हा कोण. तू काय सांगशील?"

ती उत्तर शोधायला लागली. खरं उत्तर जिभेच्या टोकावर होतं, पण ते खरं आहे का याचीच तर तिला खात्री नव्हती. खोटं सांगायचं नव्हतं. वारा सुटला होता... ती म्हणाली, "मदतीला... आहे म्हणून."

त्याचा चेहरा मिटला. दार लोटून घ्यावं तसा, आवाज न करता.

"मदत करायला मला पगार मिळतो, डर्व्हला," तो हळूच म्हणाला. "रोज सकाळपासून तेच करतो. आवडीनं करतो. पण तुझ्याकडे मी त्यासाठी येत नव्हतो."

"फेस्टी, तसं नाही... मला सांगता येत नाहीये—"

"मला ठाऊक आहे. तुलाच कळलेलं नाही, तर तू सांगणार काय? आणि मी हात धरून राहिलो तर कधी कळणारही नाही. तुलाही, मलाही." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मी डब्लिनला येणार नाही."

"मग मी गाऊ शकणार नाही!"

"कदाचित," तो म्हणाला. तेवढा एक शब्द बोलताना त्याचा आवाज कापला, आणि तो पाठ वळवून मोटारीकडे चालायला लागला.

पुढचे दिवस तो पेगकडे यायचा तो डर्व्हला बाहेर गेलेली बघून. पेग रोज तिच्यापुढे सूप ठेवायची. एकदा म्हणाली, "माझा नवरा बोटीवर होता. मी त्याला कधी सांगितलं नाही की तुझ्यावाचून माझं अडतं. अडत नव्हतंच. मी शेत करायची, गाईची धार काढायची, छप्पर शाकारायची. तरी तो यायचा त्या दिवशी मी सकाळपासून खिडकीत असायची." एवढं बोलून तिनं सूपमध्ये मीठ टाकलं, जे आधीच पुरेसं होतं.

डब्लिनच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत ती गिटारच्या तारा पुन्हा पुन्हा जुळवत होती. ओर्ला दाराबाहेर येरझारा घालत होती. "तो आला नाही? खरंच आला नाही? मग गिटार वाजव आणि नुसती हस. लोक गातील, कॉर्कला गायले तसे. काय?"

"नको," डर्व्हला म्हणाली. "ते नको."

दिवे मालवले. तिचं नाव पुकारलं गेलं. ती रंगमंचावर आली आणि तो आवाज अंगावर आला, हजार घशांचा. मग तो थांबला. मग ते चेहरे, अंधारातले, वाट बघणारे... श्वास तिथेच अडकला, घशाच्या गाठीशी. तिनं बाजूला पाहिलं. पडद्याआड ओर्ला नखं चावत उभी होती. आणखी कुणी नव्हतं.

तिच्या आईच्या गावाकडचे जुने गाणारे लोकांच्या तोंडाकडे बघून गात नाहीत. कुणी टोपी डोळ्यांवर ओढतो, कुणी सरळ उठून भिंतीकडे तोंड करतो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ऐकायचं असतं ते गाणं, बघायचं तोंड नसतं. पण ते आठ-दहा माणसांच्या स्वयंपाकघरात. डब्लिनच्या रंगमंचावर, तिकिटं काढून आलेल्या लोकांना पाठ दाखवायची म्हणजे...

डर्व्हलानं गिटार खाली ठेवलं. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. आणि ती वळली.

समोर काळा पडदा, आणि तोंडाचा आ करून तिच्याकडे बघणारा ढोलवाला. तिनं त्याला मानेनंच 'थांब' म्हटलं. मागे कुजबूज उठली. कुणीतरी हसलं. तिनं डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. तो फाटका लागला. तिनं तो तसाच पुढे ओढला, बोकडाच्या मालकासारखा, चुकला तर चुकला. दुसरा सूर बरा होता. तिसरा तिचा होता.

दुसऱ्या कडव्याला मागच्या अंधारातून एक पुरुषी हाक आली — "शाब्बास गं पोरी!" — रॉसबानकडच्या भाषेत, तिकडच्या हेलात. तिच्या काळजाचा ठोका चुकला... पण आवाज म्हाताऱ्याचा होता. फेस्टी नव्हता. तिला ते कळलं, आणि तरीही गाणं थांबलं नाही. या गोष्टीचं तिला गाता गाताच नवल वाटलं.

भीती गेली नव्हती. तीही तिकीट काढून आल्यासारखी पहिल्या रांगेत बसून होती. पण तिसऱ्या गाण्याला डर्व्हला वळली ती लोकांकडे तोंड करून, आणि शेवटपर्यंत तशीच गायली.

कार्यक्रम संपल्यावर सगळे तिला मिठ्या मारत होते. ओर्ला रडत होती आणि म्हणत होती की पाठ फिरवायची युक्ती अफाट होती, दर कार्यक्रमात ठेवू. डर्व्हला हसत होती, हात मिळवत होती, आणि मनात एकच गोष्ट तपासून बघत होती — जिभेनं दुखरा दात चाचपावा तशी. आता तरायला फळी लागत नाही. मग तो अजून हवा आहे का?

उत्तर इतक्या लगेच आलं की तिनं तिथल्या तिथेच सकाळच्या पहिल्या गाडीची वेळ विचारली.

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती गॉलवेला, तिथून बसनं रॉसबानला आली. वाटभर छातीत धडधड. कालच्यापेक्षा जास्त. काल फार तर गाणं गेलं असतं.

पेगच्या दाराशी त्याची मोटार उभी होती. ती आत शिरली. पेगचा पाय स्टुलावर, आणि तो खाली बसलेला, हातात पट्टीची गुंडाळी. त्याच्या डोळ्यांखाली काळं होतं. त्यानं वर पाहिलं आणि जागच्या जागी थिजला.

"आली बाई एकदाची!" पेग म्हणाली. "यानं सकाळपासून मला रेडिओ लावू दिला नाही. बातम्या ऐकायची भीती वाटते म्हणे."

"गायलीस?" त्यानं विचारलं. घोगऱ्या आवाजात.

"गायले."

"सगळी?"

"पहिली दोन पाठ फिरवून. मग सगळी."

त्यानं एक मोठा श्वास सोडला, कुणी फार जड ओझं खाली ठेवावं तसा. मग मान खाली घालून पट्टी गुंडाळायला लागला. "छान झालं. खरंच छान झालं... मग आता माझी गरज नाही."

"नाही," डर्व्हला म्हणाली.

पेगनं डोळे छताकडे लावले. "देवा, या पोरीला अक्कल दे."

"गरज नाही म्हणूनच आले," डर्व्हला पुढे म्हणाली. शब्द अडखळत होते, पण येत होते. "गरज होती तोवर मी काहीही म्हटलं असतं तरी ते गरजेपोटीच ठरलं असतं. तुलाही ते खरं वाटलं नसतं. काल मला कळलं... हात नसला तरी मी गाते. पण गाऊन झाल्यावर मला तूच हवा होतास. बाकी कुणी नाही. तू कोण, असं विचारलं होतंस ना? हे एवढंच आहे माझ्याकडे."

पट्टी फिरत होती. भराभर.

"मी दौऱ्यावर येऊ शकत नाही, डर्व्हला," तो खाली बघत म्हणाला. "ही माझी म्हातारी माणसं..."

"ये म्हणतच नाहीये मी! मी परत येऊ का, ते विचारतेय. ग्लासगोहून, हॅम्बुर्गहून, जिकडून कुठून. दौरा संपला की. इथे... तुझ्याकडे." तिला आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. "नको असेल तर तसं सांग. मी खोली रिकामी करते."

नुसती पट्टी फिरत होती.

"फेस्टी," पेग सौम्यपणे म्हणाली, "जखम घोट्याला आहे रे. तू गुडघ्याच्या वर आलास."

त्यानं पाहिलं. म्हातारीचा अख्खा पाय पांढरा झाला होता. गुंडाळी संपली होती, तरी त्याचे हात, कधीही न चुकणारे ते हात, अजून फिरतच होते. तो हसला नाही. त्यानं मान वर केली, आणि ओठ हलले, पण काय म्हणाला ते धड ऐकूच आलं नाही.

"काय?" पेगनं कानामागे हात धरला. "काय म्हणाला तो? मोठ्यानं बोला की! मला ऐकू येत नाही."

"ये म्हणाला," डर्व्हलानं सांगितलं. आणि काल रात्री हजार लोकांपुढे शेवटपर्यंत टिकलेला तिचा आवाज त्या एका शब्दावर फुटला.